आयएनएफजे आलं म्हणून जर्मनीत नर्सिंग? जरा थांब

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की वय २६, मेकॅनिकल बी.ई., नाशिकला अंबडमधल्या एका कंपनीत क्वालिटीला साडेतीन वर्षं झाली, कामाचा वीट आलाय, ऑनलाइन पर्सनॅलिटी टेस्ट दिली तर आयएनएफजे आलं (स्वभावाच्या सोळा प्रकारांपैकी एकाचं चार अक्षरी नाव), त्याच्याखाली समुपदेशक, शिक्षक, नर्स असं करिअर लिहिलं होतं, आणि जर्मनीत नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करता करता पगारी शिक्षणाला, माणसं हवीच आहेत, तर सगळं सोडून तेच करू का. (मी तुला अरे-तुरे करते, चालेल ना, माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान आहेस.)

मी सांगलीची. बी.एस्सी. मायक्रो, मग एका औषध कंपनीत क्यूसी म्हणजे क्वालिटी तपासायच्या लॅबमध्ये चार वर्षं, २०२१ ला इकडे जर्मनीत नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला आले, २०२४ ला पास झाले, आता इथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात एका हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात आहे. म्हणजे तू जे करायचं म्हणतोयस ते मी करून बसलेय. आणि अशाच टेस्टमध्ये माझं काय आलं होतं माहितीये? लॅब, लायब्ररी, अकाउंट्स. हिला माणसांपासून लांब ठेवा, असंच जवळजवळ.

तर आधी त्या चार अक्षरांचं बघू. ही मायर्स-ब्रिग्ज टेस्ट अमेरिकेतल्या एका आई-मुलीने, कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तयार केली. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगचं १९२१ चं पुस्तक आधाराला होतं, पण दोघीही मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. हेतू चांगला होता, युद्धामुळे पहिल्यांदा कारखान्यात जाणाऱ्या बायकांना आपल्याला जमेल असं काम सापडावं म्हणून. गोची अशी की हिच्या हिशोबाने माणूस एकतर अंतर्मुख नाहीतर बहिर्मुख, मधलं काही नाहीच, आणि आपण बरेचसे मधलेच असतो ना, म्हणून महिन्याभराने परत टेस्ट दिली की कित्येकांचं एखादं अक्षर बदलतं. ज्यांच्याकडे या टेस्टचे हक्क आहेत ते स्वतःच सांगतात की हिच्यावरून कुणाला नोकरीवर घेऊ नका. आणि तू जी फुकटातली दिलीस ती बहुतेक मूळ टेस्टही नाही, अक्षरं उचलून केलेली वेगळीच आहे. आपल्याकडे कन्या राशीच्या पोराला अकाउंट्सला घाला म्हणतात, त्याच्यापेक्षा फार पुढचं मी तरी हिला मानत नाही.

तुमच्या बॅचला दहावीला कल चाचणी होती ना, २०१६ ला सुरू झाली तीच? तू लिहिलंयस की तुला त्यात गणवेशधारी सेवा आलं होतं आणि घरात सगळे हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, त्यात निदान तुला काय करायला आवडतं हे तरी विचारत होते. याच जातीची पण जास्त मुरलेली पद्धत म्हणजे हॉलंडची. जॉन हॉलंड महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती होणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायचा, तिथेच त्याला वाटलं की माणसं थोड्याच प्रकारांत बसतात, आणि १९५९ मध्ये त्याने ते मांडलं. सहा प्रकार: हाताने काम करणारे, खोदून बघणारे, कलाकार, माणसांत रमणारे, धंदा-पुढारपण करणारे, आणि नीटनेटकी नोंद ठेवणारे. एकच शिक्का मारत नाहीत, तुझे वरचे तीन बघतात. अमेरिकन सरकारच्या ओ-नेट साइटवर ही टेस्ट फुकट आहे, आणि इथल्या रोजगार खात्याची चेक-यू म्हणून आहे तीही फुकट, जर्मन थोडं आलं की ती दे.

हॉलंडच्या टेस्टमध्ये माझे वरचे दोन निघाले माणसं आणि नोंदी. माणसं वाचून मला वाटलं यांचं काहीतरी चुकलंय. मला वाटायचं मी अबोल आहे, पार्टीत कोपऱ्यात बसणारी. पण वॉर्डात गेल्यावर कळलं की मला गप्पा जमत नाहीत, काम असलं की बोलणं जमतं. झोप लागली का, दुखतंय कुठे, पाणी घेतलंत का, एवढं विचारायचं आणि ऐकायचं, त्यात मी दिवसभर थकत नाही. लॅबमध्ये मी माणसांना कंटाळले नव्हते, आमच्या एका साहेबाला कंटाळले होते, आणि त्यालाच आपला स्वभाव समजून बसले होते. तुझा वीट नक्की कशाचा आहे ते एकदा तपास. कामाचा, का रोज संध्याकाळी सहाला रिजेक्शनचा रिपोर्ट मागणाऱ्या माणसाचा.

आता वॉर्ड कसा असतो ते सांगते, कारण टेस्टमध्ये ते कुठेच येत नाही. सकाळी सहाला ड्यूटी सुरू, नाइटवाली सगळ्या पेशंटचं भराभर सांगते, तिच्या श्वेबिश बोलीत, आणि मग माझ्या वाट्याला आठ ते दहा पेशंट. पहिलं काम अंघोळी-स्वच्छता. आपल्याकडे हे मावशी, वॉर्डबॉय नाहीतर नातेवाईक करतात, इथे ते नर्सचं काम आहे आणि शिकलेल्या नर्सचंही आहे. माझा पहिला पेशंट ८० च्या पुढचे एक आजोबा होते. गरम पाण्याच्या दोन वाट्या, दोन रंगांचे दोन रुमाल, आधी डोळे, मग तोंड, मग काखा, कवळी काढून ब्रशने घासायची, डायपर बदलायचा. मी घरी आजीचं केलं होतं, तेवढाच अनुभव. ते खिडकीकडे बघत होते, मी भिंतीकडे बघत होते. मग माझी सीनिअर म्हणाली, त्यांच्याकडे बघ आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांग. सांगायला लागल्यावर दोघांचीही लाज गेली. हे तुला झेपेल का याचं उत्तर आयएनएफजे देत नाही. माझी आई अजून नातेवाईकांना ‘हॉस्पिटलमध्ये असते’ एवढंच सांगते, पुढचं नाही सांगत.

आणि टेस्टवाले एक गोष्ट धरतच नाहीत, ती म्हणजे भाषा. तू मराठीत टेस्ट देणार, पण राहणार जर्मनमध्ये. मी सांगलीत आपल्या माणसांत विनोद करणारी मुलगी, इथे पहिली दोन वर्षं सगळ्यांना वाटायचं ही फार गंभीर आहे, कारण विनोद जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. जर्मनची बी-१ ही मधली पातळी पास होऊन आले होते, चांगल्या मार्कांनी. पहिल्याच आठवड्यात एका आजीने ‘टेपिश’ मागितलं. पुस्तकात टेपिश म्हणजे गालिचा, मी खाली वाकून जमिनीवर शोधतेय आणि आजी वर थंडीने कुडकुडतेय, कारण श्वेबिशमध्ये टेपिश म्हणजे अंगावर घ्यायचं ब्लँकेट. दुसऱ्या एका काकांचा ‘फूस’ दुखत होता, पुस्तकात फूस म्हणजे फक्त पाऊल, इथे मांडीपर्यंत सगळं फूस. हे मात्र मला लगेच कळलं, आपल्याकडेही पाय म्हणजे पायच! तर तू इथे आलास की पहिलं दीड-दोन वर्षं तू स्वतःला ओळखणार नाहीस, बोलका असलास तर गप्प होशील, गप्प असलास तर नाइलाजाने बोलायला लागशील, त्या काळात ‘हे माझ्या पर्सनॅलिटीला सूट होत नाही’ असा निकाल लावू नकोस.

तुला आयएनएफजे म्हणून सांगितलंय की माणसांशी खोल नातं जुळणारं काम कर. वॉर्डात खोल नातं? पेशंट चार-पाच दिवसांत घरी जातो, आणि प्रत्येकाला मिळतात मोजकी मिनिटं. उरलेला वेळ कॉम्प्युटरवर नोंदी. मला नोंदी आवडतात, औषध कंपनीत शिकवलं होतं की जे लिहिलं नाही ते केलंच नाही, इथे पहिल्या महिन्यात शब्दशः तेच ऐकलं आणि हसूच आलं. पण खोल नात्याच्या ओढीने आलेली माझ्या बॅचची दोघं हॉस्पिटलमध्ये टिकली नाहीत. एक वृद्धाश्रमात गेली, तिथे तीच माणसं वर्षानुवर्षं असतात, ती खूश आहे. दुसऱ्याने सोडलंच.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या एवढ्या लांब मेसेजमध्ये मला एकच ओळ जिवंत वाटली. आयटीआयची नवी पोरं लागली की त्यांना व्हर्नियर-मायक्रोमीटर शिकवायला तू स्वतःहून थांबतोस आणि त्या दिवशी उशीर झालेला कळत नाही, असं तू लिहिलंयस आणि लगेच पुढे गेलायस. अरे, तेच तर आहे! माणसं आणि हातकाम दोन्ही. माणसं आवडतात म्हणजे नर्सच व्हायला पाहिजे असं कुठाय? इथे कारखान्यात शिकाऊ पोरांना शिकवणारा आउसबिल्डर म्हणून वेगळा माणूस असतो, त्याची वेगळी परीक्षा असते, आणि आउसबिल्डुंगची अख्खी पद्धत, आठवड्यात एक-दोन दिवस शाळा आणि बाकी कंपनी, त्याच्यावरच चालते. पहिल्या दिवशी कुणी तुला ते देणार नाही, आधी काही वर्षं क्वालिटी नाहीतर प्रॉडक्शनमध्ये काढावी लागतील, जर्मन बी-२ च्या वर न्यावं लागेल. पण तुझी डिग्री आणि साडेतीन वर्षं पाण्यात जात नाहीत. परदेशी डिग्री इथे कितपत धरतात ते सांगणारी अनाबिन म्हणून साइट आहे, तुझं कॉलेज आणि डिग्री तिच्या यादीत कशी दिसते ते आधी बघ. बरोबर असेल तर २०२४ च्या जूनपासून चान्सेनकार्टे म्हणून नोकरी शोधायला यायचा परवाना आहे, शिक्षण, अनुभव, भाषा वगैरेंचे मिळून सहा पॉइंट लागतात, एक वर्ष इथे राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि एखाद्या कंपनीत दोन आठवडे ट्रायलवर काम करून बघता येतं. हे शेवटचं मला सगळ्यात भारी वाटतं. खात्यावर वर्षाचा खर्च मात्र दाखवावा लागतो, महिन्याला हजार युरोच्या वर.

तरीही नर्सिंगच करायचं असेल तर अडवत नाही, मी कोण अडवणारी. तीन वर्षं, २१०० तास थिअरी, २५०० तास प्रॅक्टिकल, फिरवून फिरवून सगळीकडे पाठवतात. सरकारी पगारश्रेणीच्या हॉस्पिटलात पहिल्या वर्षाला महिन्याला १४०० युरोच्या पुढे ग्रॉस, म्हणजे कापाकापीच्या आधी, मिळतात, त्यात खोलीभाडं जाऊन जगता येतं, घरी पाठवण्याचं स्वप्न बघू नकोस. पहिले सहा महिने प्रोबेशन, तुम्हीही सोडू शकता, तेही काढू शकतात. एजंटला लाखांत पैसे देऊ नकोस, अर्ज करायला पैसे लागत नाहीत, मी दिले होते आणि त्याने फक्त माझा बायोडेटा फॉरवर्ड केला होता. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्याचा बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार झाला, तेव्हापासून त्याच्या नावावर दुकान मांडणारे पण खूप झालेत. अजून एक रस्ता म्हणजे बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट, वर्षभर स्वयंसेवक म्हणून वृद्धाश्रमात काम, पॉकेटमनीवर. एक वर्ष गेलं तर गेलं, पण आत शिरायच्या आधी कळतं.

पण त्याच्याही आधी, नाशिकमध्येच, सुट्टी टाकून एखाद्या वृद्धाश्रमात दहा दिवस मदतीला जा, त्यातल्या दोन-तीन रात्री. फोटो काढायला नाही, भरवायला, चादरी बदलायला, उठवून संडासला न्यायला. आणि त्याच महिन्यात एका शनिवारी त्या आयटीआयच्या पोरांना पूर्ण दिवस शिकव. दोन्हीकडे घड्याळ पहिल्यांदा किती वाजता बघितलंस ते लिहून ठेव आणि मला कळव, मग कागदपत्रांचं बोलू. आता माझी नाइट आहे, निघते.