सूर तुमचा, सवाल तुमचा: मला खालच्या ओळीत का टाकलं?

प्रश्न: नमस्कार ताई, मी परभणीची, वय 61. लहानपणापासून गाते पण शिकले कुठंच नाही, गल्लीतलं भजनी मंडळ, लग्नात हळदीची गाणी, आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या, बस एवढंच. मागच्या वर्षी इथं समूहगानाचा ग्रुप सुरू झाला, बायका-माणसं मिळून पंचवीसेक जण, तिथं जायलेय. पण सरांनी मला खालच्या आवाजात टाकलं. वरच्यांना सगळी चाल अन् आम्ही नुसतं एका सुरावर थांबायचं, मधीच 'आ' म्हणायचं. घरी प्रॅक्टिस केली की नातू म्हणतो आजी हे गाणंच नाहीये. जरा मुरकी घेतली, म्हणजे सुराला झटकन वळण दिलं, की सर हात वर करून थांबवतात. अन् आता 17 सप्टेंबरच्या कार्यक्रमात एक ओळ लई वर जाते तर म्हणले काकू तिथं नुसते ओठ हलवा. मनाला लागलं हो. आधी काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) सहज गायचे, आता तिथं तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा' ला, आवाज फाटतो हे पण खरंय. सोडून देऊ का?
– एक वाचक, परभणी

उत्तर: काकू, ग्रुप सोडू नका पण ओठ हलवायचं अजिबात कबूल करू नका. 1948 ला निजामाची राजवट संपली त्याचा दिवस साजरा करायचा अन् त्याच दिवशी स्टेजवर एका बाईला गप्प उभं करायचं, मला तरी हे पटलं नाही. सरांना सरळ म्हणा, पट्टी एक-दोन स्वर खाली घ्या, नाहीतर ती ओळ आमच्या गटाला मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात द्या. बायका अन् माणसांच्या पट्टीत साधारण चार-पाच स्वरांचा फरक असतो, त्यामुळं मिक्स ग्रुपमध्ये 'सा' कुठं धरायचा ही तडजोडच असते, कुणाला तरी वर ताणावं लागतं नाहीतर खाली दाबावं लागतं. ती तडजोड दरवेळी वय झालेल्यांनीच का करायची?

आवाज उतरला त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पाळी गेल्यावर हार्मोन बदलतात, गळ्यातले स्वरतंतू जाड होतात अन् आवाज खाली येतो, वरचे स्वर आधी जातात. (माणसांचं उलटं, म्हातारपणी त्यांचा आवाज बारीक होतो.) पेटीवर काळी चार सोडून एकेक पट्टी खाली येत जा, जिथं मधल्या सा पासून तार सा पर्यंत गळा न आवळता जाता येतं ती आता तुमची पट्टी. पांढरी चार निघाली तरी वाईट वाटून घेऊ नका, भजनात पण तीच सांगा पेटीवाल्याला.

आता खालची ओळ. भजनात एकजण म्हणतो, बाकीचे तेच मागं म्हणतात, चाल सगळ्यांची एकच, म्हणून ही भानगड तुम्हाला नवी वाटायलीय. पण तुळजापूरकडचा गोंधळ ऐकलाय ना, तिथं झीलकरी, म्हणजे मागं उभे साथीदार, नुसती झील धरतात, त्यांना कुणी कमी म्हणतं का? उलट तुमचं काम अवघड आहे, शेजारची वर रे-ग कडं निघाली अन् तुम्ही पंचमावर ('प' वर) थांबलात की कान तिकडंच ओढतो, नकळत आपण पण सरकतो. नातवाला गाणं वाटत नाही कारण तो अर्धंच ऐकतोय. वरच्या ओळीतल्या कुणाला तरी व्हॉट्सॲपवर ती चाल गाऊन पाठवायला सांगा, ती लावून त्यावर आपली ओळ म्हणा, मग विचारा त्याला. प्रॅक्टिसला एकदा खालच्या गटाला गप्प बसवून सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करा अन् मग तेच खालच्यांसकट, म्हणजे वरच्यांना पण कळेल तुम्ही काय करताय ते.

मुरकीच्या बाबतीत मात्र मी सरांच्या बाजूनं. एकटीच्या गाण्यात ती शोभते, पंचवीस जणांत प्रत्येकाची मुरकी वेगवेगळ्या जागी पडते अन् शब्दच कळत नाही. तुमची हौस गुरुवारच्या भजनात भागवा, तिथं कोण अडवतंय. इथं एक साधा हिशोब, शेजारणीचा आवाज ऐकू येत नसेल तर आपला जास्त झालाय. अन् लांब सूर धरायचा असेल तेव्हा तिच्याशी ठरवून घ्या की दोघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही, आळीपाळीनं घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही अन् धाप पण लागत नाही. एकट्याच्या गाण्यात ही सोय नसते हां.

एक विचारायचं राहिलं, आवाज फक्त वर फाटतो का बोलताना पण घोगरा येतो? घोगरेपणा तीन-चार आठवडे हटला नाही तर ज्येष्ठमध चघळत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवून या.