बस्किंग म्हणजे काय, हा शब्द कुठून आला? आणि शेवटी ही भीकच ना?

शब्दाचं आधी उरकतो. स्पॅनिशमध्ये 'बुस्कार' म्हणजे शोधणं. 'बस्क' बहुधा त्याच कुळातला, खलाशांच्या तोंडून इंग्रजीत शिरलेला. १९व्या शतकात लंडनच्या दारूच्या गुत्त्यांतून गात-वाजवत हिंडणाऱ्यांना तो चिकटला, आता रस्त्यावर कला दाखवून पैसे घेणाऱ्या कुणालाही लावतात. आपल्या 'बसणे'शी काही संबंध नाही. तसा फॉरवर्ड आला तर पुढे ढकलू नका.

पण तुमच्या प्रश्नाचं शेपूट झोंबलं. मी रविवारी सकाळी जंगली महाराज रस्त्याच्या फुटपाथवर बासरी वाजवायचो. पुढ्यात बासरीचीच कापडी पिशवी पसरलेली. एकदा भूप रंगात आला असताना समोर काका, हातात मेथीची जुडी. पिशवीतल्या दहा-वीसच्या नोटा बघून म्हणाले, "घरी जेवायला घालत नाहीत का रे तुला?" तिथूनच आईला फोन. गणपतीत सगळ्यांदेखत पुन्हा तेच, "आपल्या घराण्यात कुणी हात पसरला नव्हता."

हेच काका वासुदेव दारात आला की स्वतः उठून तांदूळ घालतात, वर दक्षिणा, आणि 'दान पावलं' झालं की हात जोडतात. का, तर ती परंपरा. सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचा सीझन पास काढला की तो कलेचा मान, फुटपाथवर वीस रुपये टाकले की भीक. अहो, सवाईला आधी पैसे मोजावे लागतात. इथे आधी ऐका, नाही पटलं तर चालू पडा. याहून रोखठोक व्यवहार पुण्यात दाखवा.

कायदा मात्र काकांच्या बाजूने आहे. १९५९चा मुंबईचा (तेव्हाच्या मुंबई राज्याचा, म्हणून पुण्यालाही लागू) भीक प्रतिबंधक कायदा गाण्या-नाचण्याच्या, खेळाच्या निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे मागण्यालाही भीकच धरतो. हाच कायदा दिल्लीतही लागू होता; तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरतीच. तेव्हा हवालदार 'उठा' म्हणाला की उठायचं, त्याच्याशी वाद नको. स्पीकर परवानगीशिवाय लावूच नका.

आणि पुढ्यात क्यूआर कोड ठेवा, म्हणजे 'सुटे नाहीत' म्हणायची सोय राहत नाही. आमचे काकासुद्धा हल्ली मेथीचे पैसे फोनवरूनच देतात.