पहिलं वाक्य काढून टाक

प्रिय मुली,

पीएचडीच्या अर्जासाठी लिहिलेला तुझा मसुदा वाचला. ‘तणाव हा आधुनिक युगाचा शाप आहे’ हे पहिलं वाक्य आधी काढून टाक. निवड समितीने ते पुष्कळदा वाचलेलं असणार, आणि मुळात ते खरंही नाही. जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आपलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं म्हणून ओळखलं जाणारं संप्रेरक (हार्मोन), दिवसातल्या सर्वांत वरच्या पातळीला जातं, म्हणून तर माणूस कामाला लागतो. ज्यांच्या शरीरात ते बनतच नाही, त्यांच्या जिवावर साधा तापही बेतू शकतो. अशा रेणूला खलनायक ठरवून संशोधन सुरू करू नये.

खरा प्रश्न मला ताणाची प्रतिक्रिया थांबण्याचा वाटतो. बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, हे तू घरी लहानपणापासून पाहतेस. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच, त्याच्या हुकमाने पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच, त्याच्या हुकमाने ॲड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिसॉल, हा संप्रेरकांचा पाढा तू बिनचूक लिहिला आहेस. पण तेच कॉर्टिसॉल परत मेंदूत जाऊन ‘आता पुरे’ असं सांगतं, त्यावर तुझी फक्त अर्धी ओळ आहे. सगळी मजा तर त्या अर्ध्या ओळीत आहे!

१९६८मध्ये ब्रूस मॅकइवन यांनी उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन दिलं. ते सर्वांत जास्त साठलं हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीच्या जागी. तिथल्या पेशींत त्याचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे संप्रेरकाला धरून ठेवणारी प्रथिनं, भरपूर असतात. (उंदरात मुख्य संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन. तू सगळीकडे कॉर्टिसॉल लिहिलंयस, ते दुरुस्त कर.) पुढे ही गोष्ट आणखी बारीक होत गेली. संप्रेरक मिळालं की ग्राहक केंद्रकात शिरतो आणि जनुकं चालू-बंद करतो. त्यांतलंच एक एफकेबीपी५. त्यापासून बनणारं प्रथिन ग्राहकाचीच संप्रेरक धरण्याची ताकद कमी करतं. हे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त झालं, तर थांबण्याचा निरोप पोचूनही नीट ऐकला जात नाही. एलिझाबेथ बिंडर यांच्या म्युनिकच्या गटाने २०१३मध्ये दाखवलं, की या जनुकाचं विशिष्ट रूप असलेल्या माणसांना लहानपणी मोठा आघात सोसावा लागला असेल, तर त्या जनुकावरच्या मिथाइलच्या खुणा (जनुकाचं काम सहसा दाबून ठेवणाऱ्या रासायनिक खुणा) कमी झालेल्या आढळतात. हा शोधनिबंध आकृत्यांसकट वाच, सारांशावर भागवू नकोस.

आणि आपल्याकडचं काम विसरू नकोस. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना रोज २ तास, असे १० दिवस जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडल्या, पण भीतीशी जोडलेल्या ॲमिग्डालात त्या उलट वाढल्या. नंतर २१ दिवस विश्रांती दिली, तरी ॲमिग्डालातली वाढ ओसरली नाही. ताण संपला, पण मेंदूच्या एका कोपऱ्यात तो चालूच राहिला. मुंबईला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) विदिता वैद्य लहान वयातला ताण आणि सेरोटोनिन यांवर काम करतात. या दोन्ही संस्थांसाठी जीबिल्सची प्रवेशपरीक्षा देतेच आहेस, तर मुलाखतीआधी दोघांचे निदान दोन-दोन निबंध तरी वाचून जा.

प्रयोगशाळेबद्दल एकच सांगते, कारण बाकीचं तिथे शिकशीलच. या विषयात घड्याळ हे पहिलं उपकरण. उंदराला हात लावल्यापासून साधारण ३ मिनिटांत रक्त घेतलं नाही, तर तू तुझ्याच हाताळणीचा ताण मोजत बसतेस. शिवाय उंदीर निशाचर, त्याची पातळी संध्याकाळी चढते. नमुन्याची वेळ लिहिलेली नसेल, तर तो आकडा फेकून द्यायच्या लायकीचा.

तुझ्या मसुद्यातला सर्वांत जिवंत परिच्छेद तू शेवटी ढकलला आहेस: रात्रपाळी करून पहाटे घरी येणारे आणि दिवसा झोपू पाहणारे वडील. शरीर कॉर्टिसॉल चढवत असतं, तेव्हाच ते अंथरुणाला पाठ टेकतात. सोलापुरात पूर्व भागातल्या कितीतरी घरांत हेच चालतं. तो परिच्छेद वर आण. मात्र ‘गरीब विणकर’ असा गहिवर नको, फक्त निरीक्षण लिही. लाळेतूनही कॉर्टिसॉल मोजता येतं, हेही तिथे लिही. पण आचारसमितीच्या परवानगीशिवाय शेजाऱ्यांचे नमुने गोळा करायला निघू नकोस. तुझा उत्साह मला माहीत आहे!

वडिलांना पाळीच्या नेमक्या वेळा विचार आणि आठवड्याला पाळी बदलते का, तेही. सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत पाठव. इंग्रजीचं मग बघू.

— मॅडम