चिंतनाची शाळा की चिंतेची?

'फ्रोंतिस्तेरिओन' हे सॉक्रेटिसच्या विद्यालयाचे नाव होते का, आणि त्याला मराठीत 'विचारपीठ' म्हणावे का, असा प्रश्न आला आहे. सॉक्रेटिसने विद्यालय काढलेच नव्हते. हा शब्द इ.स.पू. ४२३ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या, ॲरिस्टोफेनिस या नाटककाराच्या 'मेघ' या प्रहसनातला आहे; त्यात सॉक्रेटिस हे पात्र चालवत असलेल्या शाळेला हे नाव दिले आहे, आणि ते थट्टेसाठीच घडवलेले दिसते. तो व्याख्यानांत गौरवाने उच्चारलेला ऐकला की मला राहवत नाही.

'तेरिओन' हा स्थलवाचक प्रत्यय आहे. 'दिकास्तेरिओन' म्हणजे न्यायालय. अशा भारदस्त शब्दांच्या पंक्तीला नाटककाराने 'फ्रोंतिस' आणून बसवला. त्याचा अर्थ विचार आणि काळजी असा दुहेरी आहे, जसे आपल्याकडे 'चिंत्' या एकाच धातूपासून 'चिंतन' आणि 'चिंता' हे दोन्ही शब्द झाले. मुलाच्या घोड्यांच्या नादापायी कर्जात बुडालेला, नाटकाचा नायक स्ट्रेप्सिआदेस रात्रभर तळमळत असतो, आणि 'रात्रभर फ्रोंतिस करून' आपल्याला एक वाट सापडली, असे तो म्हणतो. त्यानंतर वीसएक ओळींतच 'फ्रोंतिस्तेरिओन' येतो. हा योगायोग आहे असे मला मुळीच वाटत नाही. चिंतेने ग्रासलेला माणूस चिंतेच्याच शाळेत निघाला आहे, ही त्यातली खरी गंमत आहे, म्हणून 'विचारपीठ' सोडून 'चिंताशाळा' म्हणावे.

नाट्यस्पर्धेत तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या या प्रहसनाचा, २४ वर्षांनंतर सॉक्रेटिसला मृत्युदंड देणाऱ्या खटल्याशी काय संबंध, असे काही भाष्यकार विचारतात. त्याचा शिष्य प्लेटो याने लिहिलेल्या 'अपॉलजी'त, म्हणजे खटल्यातल्या बचावाच्या भाषणात, सॉक्रेटिस स्वतःच सांगतो की, समोरच्या फिर्यादींपेक्षा त्याला जुन्या अपप्रचाराचे भय अधिक आहे. हवेत चालण्याच्या गप्पा मारणारा सॉक्रेटिस लोकांनी नाटकात पाहिला आहे, असे तो न्यायसभेला बजावतो. त्याच्या या साक्षीपुढे भाष्यकारांचे अनुमान मी मानत नाही.

याच कुळातला शब्द टोपणनाव होऊन सॉक्रेटिसला चिकटला, याची खूण त्याचा दुसरा शिष्य झेनोफोन याच्या 'सिम्पोझियम' या मेजवानीतल्या संवादात आहे. मेजवानीत खेळ करणारा एक सिराक्यूजचा माणूस त्याला विचारतो, "'फ्रोंतिस्तेस', म्हणजे चिंता करणारा, म्हणतात तो तूच का?" आणि सॉक्रेटिस उत्तर देतो की, 'अफ्रोंतिस्तोस', म्हणजे बेफिकीर, म्हणवून घेण्यापेक्षा ते बरे.