लेहच्या थंडीत डिझेल एसयूव्ही सुरू का होत नाही?

पुण्याहून नोव्हेंबरअखेर लेहला नेलेली महागडी डिझेल एसयूव्ही सकाळी सुरूच झाली नाही, तर इंजिन गेले का, असे आपण विचारले आहे. बहुतेक वेळा इंजिन शाबूत असते; गोठलेले असते ते डिझेल. डिझेलमध्ये मुळातच मेण असते आणि पारा उतरला की, डिसेंबरात कोथरूडच्या घरातली खोबरेल तेलाची बाटली जशी पांढरी पडते, तसे त्या मेणाचे कण होऊन फिल्टरच्या कागदावर साचतात व इंजिनापर्यंत इंधन पोहोचत नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये, कारण थंडीने आधीच अशक्त झालेली बॅटरी त्यातच संपते. टाकीखाली शेकोटी तर चुकूनही पेटवू नये. ऊन येईपर्यंत थांबावे किंवा गाडी बंदिस्त, उबदार जागी ढकलत न्यावी.

इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. पुण्यातले डिझेल वाटेतच संपवून तिकडे ते भरावे.

इंजिन खरोखर जाते ते वेगळ्या कारणाने. आपल्याकडे कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) कमी झाले की नळाचे पाणी ओतण्याची सवय आहे, आणि पुण्यात ती खपूनही जाते. पण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य धातूच्या सांगाड्याला, तडा जाऊ शकतो. पाणी न मिसळलेले निम्मे कूलंट व निम्मे डिस्टिल्ड पाणी असलेले मिश्रण मात्र साधारण उणे ३५ अंशांपर्यंत तग धरते. निघण्यापूर्वी तेवढे तपासून घ्यावे.