वाचकांचे प्रश्न : तोंड बोलते तेव्हा हात काय करत असतो?

प्रश्न : फोनवर कुणाला रस्ता समजावून सांगताना माझा मोकळा हात हवेत वळणे घेत असतो. पलीकडच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही, हे ठाऊक असूनही तो थांबत नाही. ही सवय मोडावी का?

उत्तर : मोडू नये, आणि मोडायची म्हटली तरी ती सहजासहजी मोडणार नाही. ऐकणाऱ्याला नीट कळावे म्हणून आपण बोलण्याला हातवाऱ्यांची जोड देतो, असे आपण धरून चालतो आणि म्हणूनच फोनवरचे हातवारे आपल्याला विचित्र वाटतात. जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो या संशोधिकांनी १९९८ मध्ये जन्मांध मुलांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणाचाही हात हललेला ज्यांनी आयुष्यात कधी पाहिला नव्हता, अशी ही मुले बोलताना डोळस मुलांप्रमाणेच हातवारे करत होती आणि ऐकणारी व्यक्ती स्वतः अंध असली तरीही त्यांचे हात हलतच होते. तेव्हा हातवाऱ्यांचे मूळ अनुकरणात शोधून चालणार नाही. विचाराला शब्दरूप देण्याचे जे काम मनात चालते, त्यातच ते दडलेले आहे.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्नील यांनी बोलणाऱ्या माणसांची चित्रणे अत्यंत संथ गतीने पाहून हाच मुद्दा बारकाईने मांडला. हाताची मुख्य हालचाल तिच्याशी संबंधित शब्दाच्या बरोबरीने किंवा किंचित आधी होते, शब्द होऊन गेल्यावर मात्र क्वचितच होते. अडखळत बोलणाऱ्या व्यक्तीकडे लक्ष दिले तर हे उघड्या डोळ्यांनाही दिसते. शब्द अडला की उचललेला हात हवेत तसाच थबकतो आणि शब्द सुटला की तोही पुढे सरकतो. हात आणि वाणी यांची सूत्रे एकाच ठिकाणाहून हलत असल्याखेरीज हे घडणार नाही. गणित समजावून सांगताना ज्यांना हात हलवू दिले, त्यांना त्याच वेळी लक्षात ठेवायला दिलेली यादी नंतर अधिक चांगली आठवली, असेही गोल्डिन-मेडो यांच्या एका प्रयोगात आढळले. हात मनावरचा काही भार उचलतो, असे त्यावरून म्हणता येते.

अर्थात ऐकणाऱ्याचा विचार हातवाऱ्यांत मुळीच नसतो असे नाही. समोरासमोर बोलताना हालचाली मोठ्या आणि ठळक असतात, फोनवर त्या आखडतात. मराठीत ‘एवढा’, ‘असा’, ‘तिकडून’ हे शब्द तर हाताशिवाय अर्धेच आहेत. समोर बसलेल्याला आपण ‘एवढा दगड’ म्हणून दोन्ही तळव्यांमध्ये अंतर दाखवतो आणि वाक्य तिथेच पुरे होते. फोनवर मात्र ‘एवढा’ म्हटल्यावर जीभ क्षणभर घुटमळते आणि ‘म्हणजे माणसाच्या डोक्याएवढा’ अशी पुस्ती जोडावी लागते. हाताने सांगितलेले त्या वेळी तोंडाला पुन्हा सांगावे लागते.

प्रश्न : माझा नातू ११ महिन्यांचा आहे. हवी ती वस्तू तो बोटाने दाखवतो, बोलत मात्र नाही. खुणा समजून घेतल्या तर मूल बोलण्याचा आळस करते, असे नातेवाईक सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, आणि हा समज मनातून काढून टाकावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. बोट दाखवणे ही भाषेकडे जाणाऱ्या वाटेवरची पायरी आहे. ज्या वस्तूकडे मूल आधी बोट दाखवते, तिचे नाव बहुधा काही काळाने त्याच्या तोंडी येते. दोन शब्द जोडण्याआधी मूल एक शब्द आणि एक खूण जोडते. बाबांच्या चपलेकडे बोट दाखवून ते ‘बाबा’ म्हणते, तेव्हा ‘बाबांची चप्पल’ हे वाक्य त्याच्या मनात तयार असते. फक्त अर्धे वाक्य तोंडाने आणि अर्धे बोटाने बाहेर पडते. अशा वेळी घरातल्या मोठ्यांनी ‘हो, ही बाबांची चप्पल’ असे म्हटले, तर मुलाला नेमका हवा असलेला शब्द नेमक्या क्षणी मिळतो. त्यामुळे नातवाने बोट दाखवले की त्या वस्तूचे नाव उच्चारून उत्तर द्यावे. काळजी करायची असेल तर ती उलट परिस्थितीत करावी. दीड वर्षाचे होऊनही मूल कशाकडेच बोट दाखवत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे.

मूल पुढे शाळेत जाऊ लागल्यावरही त्याच्या हातांकडे पाहण्यासारखे असते. उंच पेल्यातले पाणी पसरट भांड्यात ओतून ‘पाणी तेवढेच आहे का?’ असे विचारले, की सहा-सात वर्षांची अनेक मुले ‘कमी झाले, कारण हे भांडे बुटके आहे’ असे सांगतात. पण त्यांतल्या काहींचे हात ते सांगतानाच भांड्याची रुंदी दाखवत असतात. उंची घटली तशी रुंदी वाढली, ही गोष्ट त्यांच्या हाताला उमगलेली असते, जिभेवर ती अजून आलेली नसते. शिकवल्यावर हीच मुले इतरांपेक्षा लवकर शिकतात, असे दिसून आले आहे. चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाला खाली बसवण्याआधी त्याचे हात काय म्हणत होते हे पाहणारा शिक्षक मला फार मोलाचा वाटतो.

प्रश्न : मूकबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे असेच हातवारे ना?

उत्तर : नव्हे. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकी सांकेतिक भाषेचे विश्लेषण करून दाखवले, की शब्द जसे ध्वनींचे बनतात तशा तिच्यातल्या खुणा हाताचा आकार, जागा आणि हालचाल अशा ठरावीक घटकांच्या बनलेल्या असतात आणि त्यांतला एक घटक बदलला तरी अर्थ बदलतो. बोलणाऱ्याचे हातवारे असे सुटे होत नाहीत. ते एकसंध चित्रासारखे असतात.

हा फरक मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या देशात प्रत्यक्ष घडताना पाहायला मिळाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे बहिऱ्या मुलांना प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत एकत्र आणण्यात आले. त्यांना कोणतीही सांकेतिक भाषा येत नव्हती आणि कुणी शिकवतही नव्हते; आपापल्या घरच्या खुणा घेऊन ती आली आणि मैदानावर, बसमध्ये एकमेकांशी बोलता बोलता त्यांनी एक नवी भाषा घडवली. एखादी वस्तू उतारावरून गडगडत खाली आली, हे सांगताना तिथल्या ऐकू येणाऱ्या, स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांचे हात गोल फिरत असतानाच खाली येत. शाळेतल्या पहिल्या पिढीतली मुलेही बहुधा तसेच करत. त्यांच्या मागून आलेली लहान मुले मात्र आधी ‘गडगडणे’ आणि मग ‘खाली येणे’ अशा दोन वेगळ्या खुणा एकापुढे एक ठेवू लागली. अ‍ॅन सेंगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. आकृतीचे तुकडे पाडून ते ओळीने मांडणे, हे भाषेचे काम आहे आणि ते लहान मुलांनी, कुणी न सांगता, हातांनी केले.

प्रश्न : खुणांचे अर्थ सगळीकडे सारखेच असतात का?

उत्तर : ठरावीक अर्थाच्या, शब्दासारख्या वापरल्या जाणाऱ्या खुणा प्रांतागणिक बदलतात. बल्गेरियात होकारासाठी मान आडवी हलवतात. ब्रिटनमध्ये दोन बोटांची विजयाची खूण तळहात स्वतःकडे वळवून केली, तर ती शिवी ठरते. बोलण्याबरोबर सहज होणारे हातवारेही त्या त्या भाषेच्या वळणाने जातात. अँडीज पर्वतातील आयमारा भाषेत भूतकाळ समोर आणि भविष्यकाळ पाठीमागे मानतात, कारण जे घडले ते दिसलेले असते. त्यामुळे ती भाषा बोलणारी वृद्ध माणसे येणाऱ्या दिवसांविषयी बोलताना अंगठ्याने खांद्यामागे खूण करतात.

प्रश्न : आमचा कुत्रा दाराकडे पाहतो, मग माझ्याकडे, पुन्हा दाराकडे. याला खूण म्हणता येईल का? माणसाची भाषा प्राण्यांच्या अशा खुणांतूनच आली का?

उत्तर : तुमच्या कुत्र्याने केले ती खूणच आहे, असे मी म्हणेन. प्राण्याच्या हालचालीला खूण कधी म्हणावे, यासाठी अभ्यासक साध्या कसोट्या लावतात. समोरचा आपल्याकडे पाहतो आहे का याचे भान प्राण्याला आहे का, हालचाल केल्यावर तो थांबून परिणामाची वाट पाहतो का, आणि काम झाले नाही तर तो पुन्हा किंवा वेगळ्या रीतीने प्रयत्न करतो का, हे पाहिले जाते. दार उघडेपर्यंत तुमच्या आणि दाराच्या मध्ये नजर फिरवणारा कुत्रा यांतले बरेच काही करतो. माणसाच्या बोटाचा रोख ओळखण्यातही कुत्री चिंपांझींपेक्षा सरस ठरतात.

फुले सापडल्यावर पोळ्यात परतलेली मधमाशी जो नाच करते, तो वेगळ्या जातीचा आहे. पोळ्याच्या उभ्या भिंतीवर ती सरळ वरच्या दिशेशी जो कोन करून थरथरत चालते, तोच कोन बाहेर सूर्याची दिशा आणि फुलांची दिशा यांच्यामध्ये असतो आणि थरथरीचा काळ अंतर सांगतो. हे उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश १९७३ च्या नोबेल पुरस्काराचे एक मानकरी होते. माहितीच्या नेमकेपणात चिंपांझीसारख्या कोणत्याही वानराची खूण या नाचाची बरोबरी करू शकणार नाही, पण हा एकच साचा एकाच प्रकारच्या कामासाठी वापरला जातो. त्यात निवडीला फार जागा नाही.

ती निवड चिंपांझींमध्ये दिसते. युगांडातील बुडोंगोच्या जंगलात कॅथरिन होबेटर आणि रिचर्ड बर्न यांनी चिंपांझींच्या ६६ खुणा नोंदवल्या आणि २०१४ मध्ये त्यांतल्या अनेकींचे अर्थ प्रसिद्ध केले. निघण्याची वेळ झाली की आई पिल्लाकडे पाहत आपल्या पायाचा तळवा त्याच्यापुढे करते आणि थांबते. पिल्लू पाठीवर चढले की पाय खाली येतो. ‘चल, बैस पाठीवर’ हे सांगायला तिला आवाज काढावा लागत नाही. २०१९ च्या एका अभ्यासात एक ते दोन वर्षांच्या मानवी मुलांच्या ५२ खुणा मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या जवळपास ९० टक्के चिंपांझींमध्येही आढळणाऱ्या होत्या. इतकेच नव्हे, तर चिंपांझी आणि त्यांचे जवळचे भाऊबंद असलेले बोनोबो वानर यांच्या खुणांची चित्रणे पाच हजारांहून अधिक सामान्य माणसांना दाखवली असता, त्यांनी निम्म्याहून अधिक वेळा अर्थ बरोबर ओळखला.

म्हणून भाषा आधी हातात आली आणि मग तोंडात, असे अनेकांना वाटते. फ्रेंच विचारवंत काँदियाक यांनी १७४६ मध्येच अशी कल्पना मांडली होती. वाशू या चिंपांझी मादीने सुमारे १३० सांकेतिक शब्द आत्मसात केले, तर तिच्याआधी बोलायला शिकवलेल्या विकी या दुसऱ्या चिंपांझीला मोठ्या कष्टाने चारच शब्द उच्चारता आले, हेही या मताला बळ देते. तरीही मला ते पूर्ण पटत नाही. केन्यातील व्हर्वेट माकडे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी धोक्याचे वेगवेगळे आवाज काढतात, म्हणजे आवाजही अगदीच मुका नव्हता. शिवाय आज कोणत्याही माणसाचे बोलणे पाहिले, तरी हात आणि वाणी एकाच ठेक्यात चालतात. एकाने काम सोडून दुसऱ्याकडे सोपवले असते, तर इतकी घट्ट सांगड राहिली नसती. दोन्ही पहिल्यापासून जोडीने घडत गेले असावेत, असे माझे मत आहे.

वानरांच्या बहुतेक खुणा काहीतरी मागण्यासाठी असतात. ‘उचल’, ‘दे’, ‘थांब’, ‘खाजव’ असे ते सांगतात, पण ‘ते बघ’ असे केवळ दाखवण्यासाठी दाखवणे त्यांच्यात फार दुर्मीळ आहे. माणसाचे मूल मात्र वर्षाचे होता होता आकाशातल्या चंद्राकडे बोट करते आणि आपल्या चेहऱ्याकडे वळून पाहते. चंद्र त्याला मिळणार नसतो आणि त्याने तो मागितलेलाही नसतो. आपल्याला तो दिसला की नाही, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.