वाचकांचे प्रश्न : घरचं बियाणं आणि बरणीतली भाजी

प्रश्न : जुन्या वाणाच्या टोमॅटोचं आणि भोपळ्याचं बी धरून ठेवलं होतं. टोमॅटो तसाच आला, भोपळा मात्र भलत्याच आकाराचा आणि पाणचट. बी खराब झालं का?

बी खराब नाही, संकर झालाय. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं. भोपळ्याची नर-मादी फुलं वेगळी असतात आणि मधमाशी कुंपण पाहत नाही. शेजारच्या परसातल्या त्याच जातीच्या (स्पीशीजच्या) वेलाचे परागही ती घेऊन येते.

यावर उपाय हातानं परागीभवन. मादी फुलामागे बारीकसं फळ असतं, नराचा देठ सडपातळ. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्यांची टोकं पिवळी पडू लागतात. त्या संध्याकाळीच दोऱ्यानं बांधा. सकाळी नर फूल खुडून पाकळ्या काढा, मधला दांडा मादी फुलाच्या आत हलक्या हातानं फिरवा आणि ते पुन्हा बांधून देठाला रंगीत दोरा लावा. दोरा विसरलात तर सगळी मेहनत फुकट. फळ वेलावर पूर्ण पिकू द्या. नख रुतेनासं झालं की काढून आणखी तीन-चार आठवडे ठेवा, मग बी काढा.

प्रश्न : परसात फरसबी भरपूर आली आहे. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये बरण्या ठेवून कॅनिंग (हवाबंद बरणीत तापवून भाजी टिकवणं) जमेल का?

नाही. फरसबीत आम्लता कमी असते. अशा भाजीत बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यालाही पुरून उरतात आणि हवाबंद बरणीत विष तयार करतात. त्यांना मारायला 116 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, ते दाबाखालीच मिळतं. मग कुकर का नको? तो लहान असल्यानं झटकन तापतो, झटकन निवतो. कॅनिंगच्या तक्त्यातल्या वेळा कॅनरचं (बरण्यांसाठीच्या, दाबाखाली चालणाऱ्या मोठ्या भांड्याचं) सावकाश तापणं-निवणं हिशेबात धरून ठरलेल्या आहेत. शिट्ट्या मोजून हा हिशेब जुळत नाही.

कॅनरमध्ये तळाला जाळी आणि 5 ते 7 सेंमी गरम पाणी घ्या. कोवळ्या शेंगांचे अडीच सेंमीचे तुकडे गरम बरणीत दाबून भरा, उकळतं पाणी ओता, वर अडीच सेंमी जागा रिकामी सोडा. सुरीनं हवेचे बुडबुडे काढा, कडा पुसा, झाकणाची रिंग बोटांच्या जोरानंच आवळा.

आता चुकू नये अशी गोष्ट : कॅनरचं झाकण लावल्यावर वाफेच्या तोंडावरचं, दाब राखणारं वजन लगेच ठेवू नका. वाफ 10 मिनिटं जोरात बाहेर जाऊ द्या. आत हवा उरली तर दाब पुरेसा असतो, पण तापमान कमी राहतं. मग वजन ठेवा. समुद्रसपाटीपासून 300 मीटर उंचीपर्यंत 10 पौंड दाबाचं, त्यावर 15 पौंड दाबाचं. पूर्ण दाब आल्यावर वेळ मोजायला लागा : अर्ध्या लिटरच्या बरणीला 20 मिनिटं, एक लिटरच्या बरणीला 25. मध्येच दाब खाली घसरला, तर तो पुन्हा पूर्ण आणून घड्याळ शून्यापासून लावा. दाब काट्यानं दाखवणारा कॅनर असेल तर काटा वर्षातून एकदा तपासून घ्या.

प्रश्न : बरण्या बाहेर काढल्या तर पाणी निम्म्यावर आलेलं. टाकून द्यायच्या?

आच कमी-जास्त झाली, किंवा गार पाणी ओतून कॅनर घाईनं निववला, की बरणीतलं पाणी बाहेर फेकलं जातं. दाब आपोआप शून्यावर येऊ द्या, वजन काढून 10 मिनिटं थांबा, मगच उघडा. झाकण घट्ट बसलं असेल आणि पाणी निम्म्याहून कमीच गेलं असेल, तर बरणी चालते. फक्त ती आधी संपवा. निम्मं किंवा त्याहून जास्त गेलं असेल तर त्याच दिवशी फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत खा. 24 तासांनी रिंग काढून झाकणाचा मध्य दाबून पाहा. 'टक' करून खाली-वर झालं, तर सील बसलेलं नाही.

प्रश्न : जुन्या वाणाचे टोमॅटो आंबट आहेत, तरी लिंबाचा रस घालायलाच हवा?

हवाच. आंबटपणा जिभेवर ठरत नाही. टोमॅटोचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा कमी तितकी आम्लता जास्त) 4.6 या सुरक्षित सीमेच्या आसपास घुटमळतो. जास्त पिकलेल्या फळाचा वरही जातो. अर्ध्या लिटरला एक मोठा चमचा, लिटरला दोन, तोही बाटलीतला रस, कारण ताज्या लिंबाची आम्लता कमी-जास्त असते. प्रेशर कॅनर वापरलात तरीही हा रस टाळू नका. चव फार आंबट वाटली तर चिमूटभर साखर घाला.